कापसाचा समुद्र

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही मान वर करूनच सांगतो. थोरला भाऊ कागदावर अंगठा उमटवायचा. वहिनीला अक्षरओळख नव्हती. आई-बाप मी लहान असतानाच गेले, आणि या दोघांनी मला वाढवलं, मॅट्रिक केलं, वर्ध्याला कॉलेजात घातलं. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते ती आमच्या अडाणीपणाची नाही. शिकलेल्या माणसानं जे केलं त्याची वाटते.

आमचं गाव अल्लीपूरच्या बाजूचं. पन्नासनंतरची ती वर्षं. मी सुट्टीत घरी आलो की लोक कागद घेऊन ओसरीवर यायचे. जावयाचं पत्र, तहसिलीची नोटीस, नागपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी. मी वाचायचो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकायचे. मग कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घालायचे आणि निघून जायचे. मी जे वाचलं तेच कागदात आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे. हा मान मला परीक्षेतल्या मार्कांपेक्षा मोठा वाटायचा.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुतणीसाठी चार पुस्तकं नेली. पुतणी तेव्हा नऊ वर्षांची, तिसरीत होती. ती पुस्तकं म्हणजे मुलांसाठी निघालेली एक मालिका होती. एकूण सात भाग, प्रत्येक भाग हाताच्या पंजाएवढा. एका कुंभाराची पोर आणि तिची बोलणारी शेळी कोरड्या विहिरीतून खाली उतरतात आणि एका राज्यात पोचतात, जिथल्या राजानं सगळ्यांच्या सावल्या काढून कोठारात कोंडल्या आहेत. कुंभाराचीही सावली तिथंच असते आणि पोर ती सोडवायला निघालेली असते. स्टेशनजवळ जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे ती मला सापडली. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा. तिसरा त्याच्याकडे नव्हता. मुलांची तर गोष्ट, एखाद्या भागानं काय बिघडतं, असं म्हणून मी ती उचलली.

वहिनीचं माहेर पोथी वाचणाऱ्यांचं. तिचे वडील चातुर्मासात रोज अध्याय वाचायचे आणि आजूबाजूचे ऐकायला यायचे. त्यामुळे पुस्तक वाचायचं म्हटल्यावर तिनं दिवेलागणीला पाट मांडला, पाटावर धुतलेलं फडकं घातलं, कंदिलाची काच पुसली. पहिल्या भागाच्या कव्हरवर शेळीचं चित्र होतं. त्या शेळीच्या कपाळाला तिनं हळदकुंकू लावलं.

मी म्हटलं, "वहिनी, ही पोथी नाही. पोट्ट्यांचं पुस्तक आहे."

"असू द्या न भाऊजी," ती म्हणाली, "अक्षर तं हाय न त्यात."

मला हसू आलं, पण बरंही वाटलं. मी मांडी घालून बसलो आणि वाचायला सुरुवात केली. पुतणी समोर, वहिनी चुलीपाशी कान देऊन. भाऊ बाहेर बैलांपाशी असे, त्याला गोष्टीत रस नव्हता, पण आपल्या घरात पुस्तक वाचलं जातंय याचा आनंद असावा, कारण त्या वेळी कुणी हाक मारली तर तो म्हणायचा, "थांब जरा, घरात वाचन चालून राह्यलं."

पहिले दोन भाग आठवड्याभरात संपले. पुतणीला सगळं पाठ. शेळी कुठल्या पानावर काय बोलली ते ती सकाळी केर काढताना म्हणायची, आणि शाळा उघडल्यावर वर्गालाही सांगायची. मी पाटावर चौथा भाग ठेवला, तर पुतणीनं कव्हरवरचा आकडा वाचला.

"काका, हा तं चौथा हाय. तिसरा?"

"तिसरा मिळाला नाही. त्यात विशेष काही नसेल. आपण पुढं जाऊ."

वहिनीनं चुलीवरची भाकर उलथली आणि मान वळवली. "मधला अध्याय सोडून पुढचा वाचता? माह्या घरी असं नाई झालं कधी. राहू द्या मंग. तिसरा येईल तवा वाचू."

"कधी येईल कोण जाणे."

"येईल तवा येईल. पन सोडून नाई वाचायचं."

पुतणीचा चेहरा पडला. माझी सुट्टी अजून दोन आठवडे होती, आणि खरं सांगायचं तर वाचायची चटक मलाच लागली होती. दिवसभर शेतात मी कुणाच्या कामाचा नव्हतो. पराटीचं, म्हणजे कपाशीचं, बोंड कसं वेचायचं हे माझे हात मॅट्रिकच्या अभ्यासापासूनच विसरले होते. संध्याकाळी पाटावर बसलो की घरात माझी किंमत वाढायची. ते आता बंद पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिसरा भाग शोधायला वर्ध्याला जाऊन येतो असं सांगून मी नुसताच हिंगणघाटपर्यंत गेलो आणि संध्याकाळी परत आलो. माझ्या ट्रंकेत अर्थशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक होतं, साधारण त्याच आकाराचं. त्याला मी खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि कव्हरवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'भाग तिसरा'. माझं अक्षर गावात नावाजलेलं होतं.

"मिळाला," मी म्हटलं.

वहिनीनं त्यालाही कुंकू लावलं.

सलग पाच दिवस संध्याकाळी मी ते अर्थशास्त्र वाचलं. म्हणजे पानं उलटत गेलो आणि डोक्यात येईल ते बोलत गेलो. पहिल्या दिवशी जड गेलं. दोन ओळी झाल्या की अडकायचो आणि खोकल्यासारखं करायचो. पुतणी पुढं वाकून बघू लागली की म्हणायचो, "मागे सर, सावली पडते." दुसऱ्या दिवसापासून मात्र गोष्ट आपोआप येऊ लागली. कुंभाराची पोर आणि शेळी चालत चालत एका समुद्रापाशी येतात. समुद्र पाण्याचा नाही, कापसाचा. पांढरा, क्षितिजापर्यंत. त्यात पाय टाकला की माणूस बुडतो आणि बुडताना आवाजसुद्धा होत नाही, कारण कापूस आवाज गिळतो. काठावर एक बैल उभा असतो. त्याची शिंगं काचेची. उन्हात त्या शिंगांमधून रंग निघतात आणि कापसावर पडतात, आणि जिथे रंग पडतो तिथला कापूस दबून घट्ट होतो, त्यावरून चालता येतं. पण ढग आला की वाट नाहीशी. मधोमध असताना ढग येतो. तिथे मी त्या दिवशीचं वाचन थांबवलं.

त्या रात्री पुतणी जेवली नाही. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढं तं सांगा, बुडत नाई न थे?"

"पुस्तकात पुढं काय आहे ते मला काय माहीत," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं खोटं इतक्या सहज बोललो नव्हतो.

चौथ्या भागात शेळी लंगडत चालते, हे मी आधीच चाळून पाहिलं होतं. म्हणून तिच्या पायावर बैलाचा खूर पडला असं मी जोडून दिलं. सगळं नीट जुळलं. मग चौथा, पाचवा झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहावा आणि सातवाही मिळवून आणला. पण सातही भाग झाल्यावर पुतणीला कुणी विचारलं की तुला काय आवडलं, तर ती सांगायची, काचेच्या शिंगाचा बैल. वहिनीही तेच म्हणायची. कापूस आमच्या रोजच्या हातातला. पुण्या-मुंबईच्या लेखकाला तो समुद्र कुठून सुचणार होता? मनातल्या मनात मी फुगलो होतो. कुणाला सांगता येत नव्हतं, एवढीच अडचण.

पुढच्या वर्षी शाळेत नवे हेडमास्तर आले, नागपूरकडचे. त्यांची मुलगी पुतणीच्याच वर्गात बसू लागली. तिच्याकडे ते सातही भाग होते. पुतणीची आणि तिची लगेच दोस्ती झाली आणि लगेच भांडणही. भांडण होतं ते भागांच्या क्रमावरून. सहाव्या भागात त्या राज्याची मूळ कथा येते, ती विहीर कुणी खणली, राजाला सावल्यांची हाव का सुटली वगैरे. हेडमास्तरांच्या मुलीचं म्हणणं, सहावा आधी वाचायचा, मग पहिला. पुतणी म्हणायची, आकडा ज्या क्रमानं टाकला त्या क्रमानंच वाचायचं, नाहीतर विहिरीत उतरताना भीती कशी वाटेल, खाली काय आहे ते आधीच माहीत झालं तर? दोघी शाळेच्या ओट्यावर बसून यावर तासन्‌तास वाद घालत. तिसऱ्या भागाच्या जागेवरून वाद नव्हता, म्हणून त्यात काय आहे हे त्यांच्यात कधी निघालंच नाही. मी सुट्टीत एकदा तो वाद ऐकला आणि मला वाटलं, ही पोरगी माझ्यापुढे जाईल.

मग सिनेमा आला.

त्या पुस्तकांवरून कुणीतरी बोलपट काढला होता आणि तो वर्ध्याच्या टॉकीजला लागला. हेडमास्तरांनी चौथीच्या मुलांना दाखवायचं ठरवलं. ज्यांच्या घरच्यांना यायचं असेल त्यांनीही यावं. एका रविवारी सकाळी मोटार भरून गाव वर्ध्याला आलं. मी हॉस्टेलवरून तिकडे गेलो. दुपारी तीनचा खेळ होता. बायका आणि पोरी मधे बांधलेल्या कापडाच्या पलीकडे, पुरुष आणि पोरं इकडे.

सिनेमावाल्यांनी सात भागांचे अडीच तास केले होते. सुरुवात सहाव्या भागापासून, म्हणजे हेडमास्तरांच्या मुलीची जीत. कुंभाराची पोर त्यांनी हरवलेली राजकन्या करून टाकली होती. शेळीला बोलतं करणं जमलं नसावं, म्हणून शेळीच्या जागी एक लठ्ठ विनोदी माणूस आणला होता, तो सारखा पडायचा. पोरं खदाखदा हसत होती. गाणी बरी होती.

पुतणी बायकांच्या बाजूला बसली होती. पुढचं मला वहिनीनं नंतर सांगितलं. पहिलं गाणं झाल्यापासून पोरगी शेजारच्या पोरींना सांगत होती, "थांबा, आता कापसाचा समुद्र येते." वर्गातल्या साऱ्यांनी तिच्या तोंडून तो ऐकलेलाच होता आणि पोरी त्याचीच वाट बघत होत्या. विश्रांती झाली. समुद्र आला नाही. नंतर एक डोंगर आला, एक दरी आली, एक तुरुंग आला. "आता येते," पुतणी म्हणत राहिली. शेवटी राजा मेला, सावल्या सुटल्या, सगळे गायला लागले आणि पडद्यावर समाप्त आलं. दिवे लागले.

"कुठाय तुझा बैल?" हेडमास्तरांच्या मुलीनं विचारलं.

"सिनेमावाल्यांनं सोडला. शेळी बी तं सोडली न त्याईनं."

"शेळी पुस्तकात आहे. बैल पुस्तकात नाहीच. तिसरा भाग माझ्या घरी आहे, मी दोनदा वाचलाय. त्यात समुद्रबिमुद्र काही नाही."

"हाय. माह्या काकानं वाचला. पाच दिवस वाचला."

"खोटारडी."

हे भांडण घेऊनच त्या बाहेर आल्या. मी मोटार स्टँडजवळ हेडमास्तरांशी बोलत उभा होतो. हेडमास्तर मला 'तुम्ही' म्हणायचे, गावात एवढ्या आदरानं मला कुणी बोलवत नसे. येत्या उन्हाळ्यात मोठ्या माणसांच्या साक्षरता वर्गाचं काम मी बघावं असं ते नुकतंच सुचवत होते. तेवढ्यात त्यांची मुलगी आली, मागून पुतणी, तिच्यामागे पदर पुढे ओढलेली वहिनी आणि गावातल्या दहा-बारा बायका. पुरुषही जमले.

"बाबा, ही म्हणते तिसऱ्या भागात कापसाचा समुद्र आहे. हिचे काका सांगतील म्हणते."

हेडमास्तर हसले आणि माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्हीच न्याय करा. आहे का असं काही?"

पुतणी माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात फुटाण्यांचा पुडा होता आणि त्यातले मूठभर तिनं माझ्यापुढे धरले होते. तिला कसलीच काळजी नव्हती. काका आहे म्हटल्यावर निकाल लागलाच होता.

मला क्षणभर सगळं दिसलं. खाकी कव्हर, अर्थशास्त्र. मी हो म्हटलं असतं तर हेडमास्तरांच्या घरी तिसरा भाग होता, ते उद्या उघडून बघणार. मी खरं सांगितलं असतं तर हे सगळे गाववाले ऐकत होते, ज्यांची पत्रं मी वाचतो, ज्यांच्या नोटिसा मी वाचतो. हा माणूस पुस्तकात नसलेलं वाचून दाखवतो, असं एकदा झालं की माझ्याकडे कागद घेऊन कोण येणार होतं?

"नाही हो," मी म्हटलं, "पोर आहे. काहीतरी मनानं जोडते."

सगळे हसले. हेडमास्तर म्हणाले, "कल्पनाशक्ती आहे, पण खरं-खोटं कळायला पाहिजे हं बाळ." पुतणीनं माझ्याकडे पाहिलं. पुढे धरलेले फुटाणे तिनं परत पुड्यात टाकले, एक-दोन खाली पडले तेही उचलले, आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. वहिनी काही बोलू शकत नव्हती. परक्या पुरुषांसमोर, दिराच्या शब्दावर, ती बोलणार तरी काय होती? मोटार सुटली. मी हॉस्टेलवर परत गेलो आणि जेवलो. ते जेवण मला आठवतं, कारण मी पोटभर जेवलो.

महिन्याभरानं घरी गेलो तर भाऊ म्हणाला, "पोट्टीले काय झालं बे? पह्यलेसारखी बोलून नाई राह्यली. शाळेत जाते अन्‌ येते."

वहिनी भाऊ बाहेर जाईपर्यंत थांबली. मग तिनं विचारलं, "भाऊजी, मी बी आयकलं होतं न थो समुद्र. मी तं नाई जोडला."

मी खाली बघत सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत राहिली.

"म्हनजे थे पुस्तकात नोयतं."

"नव्हतं."

"तुमच्या डोक्यात होतं."

"हो."

"मंग माही पोट्टी कायची खोटी झाली?"

मी म्हटलं, जाऊन सांगतो हेडमास्तरांना. पण त्या सुट्टीत गेलो नाही, पुढच्याही नाही. साक्षरता वर्ग सुरू झाले होते, लोक मला मास्तर म्हणू लागले होते. आज नको, परीक्षा झाल्यावर, असं करत दोन वर्षं गेली. वहिनीनं पुन्हा विषय काढला नाही. घराचं नाव माझ्या शिक्षणावर चाललं होतं आणि ते तिला कळत होतं. तिनं ही गोष्ट भावालाही सांगितली नाही.

गावानं मात्र पोरीला सोडलं नाही. गावाच्या मनात वाईट काही नव्हतं. गंमत म्हणून चिडवत. विहिरीवर बादली पडली असं तिनं सांगितलं तर बायका विचारायच्या, "पुस्तकातलं सांगून राह्यली का मनातलं?" मास्तर वर्गात विचारायचे, "गणित वहीतलं का मनातलं?" एकदा गोठ्यात साप निघाला. ती ओरडत आली तर शेजारचा म्हातारा हसत म्हणाला, "काचेच्या शिंगाचा हाय काय?" तिनं वाद घालणं सोडलं होतं. हळूहळू तिनं काही सांगणंच सोडलं. ओट्यावर बसून क्रमावरून भांडणारी ती पोर मला पुन्हा दिसली नाही.

मी बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात गावानं माझा सत्कार ठेवला. शाळेसमोरच्या पटांगणात सतरंजी, हार, दोन खुर्च्या. हेडमास्तर तोवर बदलून नाचणगावच्या शाळेत गेले होते. गावातले सगळे होते. भाऊ पहिल्यांदा इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. बायकांच्या बाजूला वहिनी आणि तिच्याशेजारी बारा वर्षांची पुतणी, मान खाली.

मी बोलायला उभा राहिलो आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी सांगितलं. अर्थशास्त्राचं पुस्तक, खाकी कव्हर, पाच संध्याकाळी, कापसाचा समुद्र. सगळं मीच रचलं, आणि वर्ध्याला मी खोटं बोललो. पोरगी खरी होती, मी खोटा होतो. आता लोक गप्प होतील, उठून जातील, अशी माझी समजूत होती.

लोक हसायला लागले. मग टाळ्या पडल्या. पाटील उठून म्हणाले, "पाहा, डोकं पाहा पोराचं. अर्थशास्त्रात पाहून थो समुद्र काढला यानं. कॉलेजचं शिक्षण म्हनतात थे हे." पुन्हा टाळ्या. कुणीतरी बैलाची गोष्ट पुन्हा सांगा म्हणालं. तीच गोष्ट पोरीची होती तेव्हा खोटेपणा होता. माझी झाल्यावर ती हुशारी झाली. एकटा तो शेजारचा म्हातारा सभा संपल्यावर जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू का? माह्या जावयाचं पत्र वाचलं होतं तुमी, पोरगी सुखात हाय म्हनून. थे तं कागदातलंच होतं न?"

कागदातलंच होतं. मी त्याला शपथेवर सांगितलं. त्यानं मान हलवली, पण तो पत्र पुन्हा कुणाकडून तरी वाचून घेईल हे मला दिसलं. माझी कबुली खऱ्या अर्थानं ऐकलेला गावात तेवढा एकच माणूस होता त्या दिवशी.

घरी आल्यावर पुतणी हाराची फुलं सोडवून परडीत घालत होती. मी म्हटलं, "सांगितलं मी सगळ्यांना."

"हो."

"अजून राग आहे?"

तिनं जरा विचार केला. "टाळ्या तं तुमालेच भेटल्या, काका." मग हाराची दोरी गुंडाळत म्हणाली, "हेडमास्तरची पोट्टी नोयती तिथं. तिनं मले खोटारडी म्हनलं होतं. तिले सांगाल काय?"

त्याच आठवड्यात मी तिला घेऊन निघालो. वर्ध्याहून गाडीनं पुलगाव, तिथून पायी नाचणगाव. गाडीत खिडकीशी बसून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. काय काय म्हणायचं त्याची तयारी असावी.

हेडमास्तर घरी नव्हते. त्यांची मुलगी आता पुलगावच्या हायस्कुलात जात होती, उंच झाली होती, दोन वेण्या. तिनं आम्हाला ओळखलं, पाणी दिलं, आईला हाक मारून पोहे करायला सांगितले. मी सगळं पुन्हा सांगितलं. ती नीट ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत काही हलत नव्हतं.

"कुठला समुद्र?" तिनं विचारलं.

पुतणी म्हणाली, "कापसाचा. सिनेमाले गेलतो आपन. तू म्हनली, तिसऱ्या भागात नाई."

"हो हो, सिनेमा आठवतो. तो लठ्ठ माणूस पडायचा. काय हसलो होतो." तिनं त्यातलं एक गाणं थोडंसं गुणगुणलं. "पुस्तकं तर आम्ही बदली झाली तेव्हा तिथेच कुणाला देऊन टाकली. पुस्तकात तो माणूस होता का गं?"

"नाई. पुस्तकात शेळी होती."

"शेळी?" ती जरा हसली. मग आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं असावं. समजूत घातल्यासारखं ती म्हणाली, "असेल, असेल. तुझंच बरोबर असेल."

दोन वर्षं पुतणी ज्यासाठी थांबली होती ते हे. मला वाटलं, ही आता तरी रडेल. पण तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाई. तुहंच बरोबर होतं. थो समुद्र पुस्तकात नोयता. पन मी खोटं नाई बोलली, एवढंच."

"बरं," ती मुलगी म्हणाली, आणि अजून पोहे हवेत का ते विचारलं.

परत येताना पुलगाव स्टेशनच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. पुतणी म्हणाली, "काका, तिसरा भाग आनून द्या मले. खराखुरा."

"आणतो. कितीही शोधावा लागला तरी आणतो. दिवाळीत पुन्हा पहिल्यापासून वाचू सगळे."

"तुमी नका वाचू," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी वाचीन."

मी वर्ध्यात, नागपुरात दुकानं पालथी घातली आणि शेवटी पुण्याला पत्र लिहून तो भाग मागवला. नवाकोरा आला, तो पुडकं न उघडताच मी तिच्या हातात दिला. तिनं तो दारात उजेडाला बसून वाचला, ओठसुद्धा न हलवता, एका दुपारीत. वहिनी आत पाट मांडायच्या तयारीत होती, तिनं तो परत भिंतीला टेकवून ठेवला. मी मळ्यातून आलो तेव्हा पुस्तक संपलं होतं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"ठीक हाय," ती म्हणाली, आणि पुस्तक आपल्या दप्तरात ठेवून दिलं.

पुढे तिचं लग्न झालं, ते भाग ती बरोबर घेऊन गेली. तिच्या मुलांना तिनं ते वाचून दाखवले असं वहिनी सांगायची. त्या तिसऱ्या भागात खरोखर काय आहे, शेळी नेमकी कशानं लंगडी झाली, हे मला आजपर्यंत माहीत नाही. तिच्याकडे तो वाचायला मागावा असं अनेकदा मनात आलं. मागितला असता तर तिनं दिलाही असता. मागायचा धीर मला झाला नाही.